खारीचा चुरा

अक्काचं मनगट मोडलं तेव्हा घरात कोणी फारसं मनावर घेतलं नाही. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिला धुळ्याला, देवपुरात दिलं होतं. सासरची बेकरी होती. खाली दुकान, मागं भट्टी, वरच्या मजल्यावर घर. जिन्यावरून घसरली, हात प्लास्टरमध्ये आहे, काळजीचं काही नाही, असा निरोप सावद्याला आला. नाना, म्हणजे आमचे वडील, एसटीनं जाऊन भेटून आले. सोबत आईनं बांधून दिलेली केळी होती. आल्यावर म्हणाले, पोरगी चांगली अंगानं भरलीये, खायला-प्यायला काही कमी नाही. आईला बरं वाटलं. लग्नाआधी अक्का इतकी वाळकी होती की पाहायला आलेल्या एक-दोन ठिकाणांहून त्याच कारणानं नकार आला होता.

पुढच्या उन्हाळ्यात तिच्या पावलाचं हाड मोडलं. या वेळी मोरीच्या उंबऱ्यावर पाय मुरगळला, असा निरोप होता.

आता मात्र आईला धास्ती वाटू लागली. ते ऐंशीच्या दशकातले दिवस होते. पेपर उघडला की कुठं ना कुठं स्टोव्हचा भडका उडून सून भाजलेली असायची. आमच्याच गल्लीतली एक मुलगी सासरी विहिरीवर पाय घसरून गेली, असं तिच्या सासरच्यांनी कळवलं होतं, आणि ते घसरणं गावात कोणालाच पटलं नव्हतं. तेव्हापासून ‘घसरली’ हा शब्द आईच्या कानाला बरा लागत नसे. एकाच माणसाला जिनाही घसरडा आणि मोरीही घसरडी कशी, असं ती नानांना विचारायची. नाना म्हणायचे, उगाच मनात काही आणू नकोस.

त्याच वर्षी मी बारावी झाले. पुढं शिकायचं तर जळगावला किंवा भुसावळला जाता आलं असतं, पण आईनं परस्पर ठरवून टाकलं की मी देवपुरात अक्काकडं राहून कॉलेज करायचं. बाहेरच्यांना सांगितलं, बहिणीच्या हाताखाली राहील, घराला घर होईल. निघायच्या आदल्या दिवशी केळीच्या बागेच्या बांधावर मला एकटीला गाठून ती म्हणाली, “तू तिथं पोथ्या वाचाले नाही चालली. डोळे उघडे ठेवजो. तो तिच्यावर हात टाकतो का, तेवढं मले खरं सांगजो.”

अशी मी त्या घरात आले. पहिले काही महिने मी कॉलेजात काय शिकले ते आज आठवत नाही, पण त्या घरातलं बारीकसारीक सगळं आठवतं.

घरात माणसं तीनच. सासरे लग्नाआधीच वारले होते. भाऊजी, म्हणजे अक्काचे यजमान, पहाटेपासून भट्टीवर असत. कमी बोलणारे, मान खाली घालून जेवणारे. मी त्यांच्या हातांकडं बघत बसायची. मैदा मळून मळून ते हात जाड आणि ताकदवान झाले होते. त्या हातांनी काय काय केलं असेल, याचा विचार माझ्या डोक्यातून जात नसे. आणखी एक गोष्ट मला खटकली. हा माणूस स्वतःच्या बेकरीतलं काही खात नव्हता. सकाळ-संध्याकाळ ज्वारीची भाकरी, वरण, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि वाडगाभर दूध. गावाला खारी, टोस्ट, नानकटाई विकणारा माणूस त्यातला तुकडाही तोंडात टाकत नाही, म्हणजे मालात काहीतरी भानगड असणार, असं मी धरून चालले. पुढं एकदा मी आडून विचारलं तेव्हा ते म्हणाले की रात्रंदिवस डालड्याच्या वासात राहून त्यांना ते जातच नाही. मला ते उत्तर फार चटकन दिल्यासारखं वाटलं.

सासूबाई मूळच्या भडगावच्या. बोलायला गोड. पाठीला बाक आलेला, त्यामुळं चालताना सारखं काही शोधत असल्यासारख्या दिसायच्या. त्या मला एक शब्द वाकडा बोलल्या नाहीत, आणि माझा संशय वाढायला तेही पुरेसं होतं. कारण त्यांचंही माझ्यावर लक्ष होतं. मी अक्काच्या खोलीत जाऊन बसले की त्या काहीतरी निमित्त काढून दारात यायच्या. अक्काला आधीपासून काही दुखणं होतं आणि ते आम्ही लपवून मुलगी त्यांच्या गळ्यात बांधली, असं त्यांना वाटत होतं. हे त्या मला बोलल्या नाहीत, शेजारणीला बोलल्या. भिंती पातळ होत्या.

अक्काला मी सरळ विचारलं. भाऊजी मारतात का? ती हसली आणि नाही म्हणाली. सासू? नाही. मग दोनदा हाड कसं मोडलं? ती म्हणाली, पडले गं, सांगितलं ना. पण हे बोलताना तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. लहानपणापासून मी तिला ओळखत होते. ती काहीतरी लपवत होती, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

आणि ती अशक्त होती. दिसायला गुबगुबीत, गाल वर आलेले, हात मऊ. पण कपड्याची बादली गच्चीवर न्यायची तर मधल्या पायरीवर बसायची. कंबर दुखते म्हणायची. गच्चीवरची कामं हळूहळू मीच करू लागले, तशी ती दिवसदिवस घराबाहेर दिसेनाशी झाली. जेवायला आम्ही बायका मागाहून बसायचो. त्यातही ती भूक नाही म्हणून उठायची, अर्धी भाकरी ताटात तशीच. मी ते आईला कळवलं. आईनं त्याचा अर्थ एकच काढला की पोरगी धास्तीनं जेवत नाही.

दिवाळीच्या सुमाराला एका दुपारी कॉलेज लवकर सुटलं. दिवाळीत बेकरीत मोठी गर्दी असे. लोक घरून रवा, साखर, तूप आणून नानकटाई भाजून न्यायचे. दुकान सोडून भाऊजी वर असतील असं मला वाटलंच नव्हतं. जिना चढताना मला त्यांचा आवाज आला. दबका, पण रागातला. “कुठं ठेवलंय ते सांग. उगाच मला शोधायला लावू नको.”

मी चपला हातात घेतल्या आणि दाराशी थांबले. दागिना मागतोय, असंच मला वाटलं. मग भांडी हलवल्याचा आवाज झाला आणि मी सरळ आत शिरले. अक्का भिंतीला टेकून उभी होती. भाऊजींनी ज्वारीच्या कोठीत कोपरापर्यंत हात घातला होता. मला पाहून ते थांबले नाहीत. कोठीतून त्यांनी पत्र्याचा एक डबा बाहेर काढला आणि माझ्यापुढं उघडला. आत खारीचा आणि नानकटाईचा चुरा होता, त्यावर साखर भुरभुरलेली.

“हिची दाढ पडली गेल्या महिन्यात,” ते म्हणाले. “तुम्हाला सांगितलं का तिनं?”

मला सांगितलं नव्हतं. अक्का खाली मान घालून उभी होती. भाऊजी डबा घेऊन खाली निघून गेले.

नंतर अक्का थोडंफार बोलली. भट्टीतून माल निघतो तेव्हा त्यात तुटलेला, जळकट कडांचा, विकण्याजोगा नसलेला बराच असतो. सासऱ्यांच्या काळापासून तो टाकायचा नाही अशी रीत होती. तो वर घरात यायचा आणि बायका चहाबरोबर खायच्या. पुरुषांना भट्टीपुढं राबायचं असतं म्हणून दूध-भाकरी त्यांची. नवी नवरी म्हणून आली तेव्हा तिला ते खाणं म्हणजे चैन वाटली. आमच्या घरी गोडधोड सणालाच व्हायचं. पहिल्याच वर्षी तिचं अंग भरलं, सगळे म्हणाले बाई सुधारली. मग तिला त्याची सवयच लागली. गोड चहा आणि चुरा, सकाळी, दुपारी, संध्याकाळी. भाकरी घशाखाली उतरेना. दात किडायला लागल्यावर भाऊजींनी ते बंद करायला सांगितलं, म्हणून ती लपवून खात होती.

मी ऐकून घेतलं, पण माझा विश्वास बसला नाही. दातांचं समजलं. हाडाचा याच्याशी काय संबंध? एवढं तुपकट आणि गोड खाणाऱ्या माणसाचं हाड उलट मजबूत असायला हवं. मला वाटलं, मी जिन्यात आहे हे भाऊजींनी ओळखलं असेल आणि डबा मुद्दाम माझ्यासमोर उघडला असेल. मोठी गोष्ट झाकायला लहान गोष्ट दाखवायची, असं मी माझ्याच मनाशी म्हणाले.

थंडी पडली. भट्टीचा धूर खाली दबून वर घरात यायचा. अक्काला खोकला झाला. एका सकाळी ती आणि मी समोरासमोर बसून मेथी निवडत होतो. भाऊजी पांझरा नदीपलीकडं जुन्या धुळ्यात माल पोचवायला गेले होते, सासूबाई गॅलरीत पाठमोऱ्या ऊन खात बसल्या होत्या. अक्काला खोकल्याची उबळ आली. ती खोकली, पुन्हा खोकली, आणि मध्येच थांबून तिनं बरगडीला हात लावला. तोंडातून शब्द निघेना. मेथीची जुडी मांडीवरून खाली पडली. मला वाटलं उसण भरली. संध्याकाळी देवपुरातल्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि सांगितलं की बरगडीला तडा गेलाय.

कोणी तिला हात लावला नव्हता. ती पडली नव्हती, घसरली नव्हती. माझ्या डोळ्यांसमोर, हातभर अंतरावर, नुसत्या खोकल्यानं तिचं हाड मोडलं होतं. इतके दिवस मी चोरासाठी दार राखत बसले होते आणि चोर आतच होता.

मी रविवारी सावद्याला गेले आणि आईला त्या सकाळी घडलं ते जसंच्या तसं सांगितलं, चुऱ्याचं मात्र काढलं नाही. आई ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली की त्यांनी मलाही फितवलं. खोकून हाड मोडतं हे तिनं जन्मात ऐकलं नव्हतं. देवपुरातल्या डॉक्टरावर तर तिचा मुळीच भरवसा नव्हता. त्याच्या घरी रोज याच बेकरीचा पाव जातो, तो खरं कशाला सांगेल? तिचा हट्ट होता की अक्काला जळगावला दाखवायचं, ओळखपाळख नसलेल्या डॉक्टरला.

आश्चर्य म्हणजे सासूबाई लगेच कबूल झाल्या. मुलीतली खोट एकदा मोठ्या डॉक्टरच्या तोंडून निघू दे, असं त्यांना वाटत असणार. मी आणि भाऊजींनी अक्काला धुळ्याहून एसटीनं आणलं. बसला हादरे बसले की तिचा चेहरा पांढरा पडायचा आणि भाऊजी तिच्या पाठीमागं उशी धरून बसायचे. सासूबाई पुढच्या सीटवर. आई आणि नाना सावद्याहून परस्पर आले. दवाखान्याच्या बाकावर दोन्ही घरं एकमेकांकडं न बघता बसली होती. आईनं भाऊजींना चहा घेणार का, एवढंही विचारलं नाही.

हाडाचे ते डॉक्टर पन्नाशीचे होते. त्यांनी जुने-नवे फोटो उजेडाच्या पेटीवर लावले, बराच वेळ पाहिले, आणि आम्हाला सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. अक्कानं माझा हात सोडला नाही, म्हणून मी आत राहिले. डॉक्टरांनाही तोच संशय आला होता. त्यांनी तिला हळू आवाजात विचारलं, घरात कोणी हात उचलतं का. ती नाही म्हणाली. त्यांनी तिच्याकडं रोखून पाहिलं. मग म्हणाले, “ठीक आहे. मग काल सकाळपासून काय काय खाल्लं ते सांगा. खरं सांगा.”

अक्का आधी म्हणाली, भाजी-भाकरी. डॉक्टर वाट बघत राहिले. मग ती रडायला लागली आणि हळूहळू सगळं सांगून मोकळी झाली. आणि तेव्हा मला कळलं की ती इतके दिवस हे का लपवत होती आणि मलाही थोडंफारच का बोलली. तिला आपल्या जिभेची लाज वाटत होतीच, पण त्याहून मोठी भीती अशी होती की हे माहेरी कळलं तर आई म्हणेल, माझ्या लेकीला उष्टे-तुटके तुकडे खायला घातले. दोन घरांत कायमचं वैर झालं असतं.

डॉक्टरांनी मग सगळ्यांना आत बोलावलं. त्यांनी फोटोत हाडाची सावली कशी पुसट दिसते ते दाखवलं. ते म्हणाले की साखरेनं आणि डालड्यानं पोट भरतं, अंगही सुटतं, पण हाडाला लागणारं दूध, डाळ, पालेभाजी यांना पोटात जागाच राहत नाही. वर फार साखर खाल्ली की हाडातलं कॅल्शियम लघवीवाटे जास्त जातं, आणि फार तुपकट खाण्यानं जे थोडंफार पोटात जातं तेही धड अंगाला लागत नाही. त्यात ही बाई उन्हात जात नाही. “जाडी म्हणजे ताकद नव्हे,” ते म्हणाले. आणखी काही आजार आहे का ते पाहायला त्यांनी रक्त तपासायला दिलं. फक्त खाण्यामुळंच हे झालं असं मी शपथेवर सांगू शकत नाही, असंही ते म्हणाले, पण आधी ते खाणं बंद करा.

हे सगळं ऐकून आईनं सासूबाईंकडं पाहिलं. आवाज न चढवता ती म्हणाली, “म्हणजे माह्या लेकीले तुम्ही तुकडे खाऊ घातले.”

सासूबाईंनी पदर सावरला. “मी काय तिले मारस का?” त्या म्हणाल्या. “मीबी जलमभर तेच खादं.”

डॉक्टर सासूबाईंकडं बघत होते, त्यांच्या बाक आलेल्या पाठीकडं. त्यांनी विचारलं, आजी, तुमची उंची कमी झाल्यासारखी वाटते का? पाठीचा एक फोटो काढूया का? सासूबाई उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, माझं वय झालंय, वयानं पाठ वाकतेच. बाहेर आल्यावर त्या मला म्हणाल्या, “बठ्ठा डॉक्टर सारखाच शेतस. एक आना, दुसराले बी बसाडी लेतस.” म्हणजे सगळे डॉक्टर सारखेच, एक रोगी आला की सोबतच्यालाही बसवून घेतात.

रक्तात काही मोठं निघालं नाही. घरी आल्यावर भाऊजींनी पहिलं काम केलं ते म्हणजे तुटका माल वर येणं बंद केलं. पलीकडच्या गवळ्याच्या म्हशींना तो जाऊ लागला. त्याच गवळ्याकडून अक्कासाठी दुधाचा रतीब लागला. सकाळी ती गच्चीवर उन्हात बसू लागली, भाकरी-मेथी जेवू लागली. पहिले दोन-तीन महिने तिनं फार कष्टानं काढले. चहात साखर कमी झाली तर तिचं डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची, आणि मला वाटायचं ही पुन्हा कुठंतरी डबा लपवणार. मी ज्वारीच्या कोठीत, गाद्यांमध्ये, शिवणाच्या पेटीत हात घालून बघायची. तीही मला तसं करताना पाहायची. एकदा सापडलाही, नानकटाईचा छोटा पुडा, उशीच्या अभ्र्यात. मी तो तिच्यापुढं ठेवला. तिनं तो उचलून स्वतःच गवळ्याकडं पाठवला.

सासूबाईंना मात्र या सगळ्यात कट दिसत होता. सुनेला दूध आणि आम्ही चुरा खाऊन जन्म काढला, हे त्या ऊठसूट बोलून दाखवायच्या. अक्का त्यांच्यापुढंही दुधाचा पेला ठेवायची, तर त्या वास घ्यायच्या, वर आलेली साय बोटानं बाजूला करायच्या आणि पेला तसाच ठेवायच्या. त्यांना वाटायचं त्यात काहीतरी औषध मिसळलंय. चहाबरोबर खारी मात्र सोडली नाही. दुकानातून चांगली, सबंध खारी मागवून त्या आमच्यासमोर बसून खायच्या.

अक्काचं हाड पुन्हा मोडलं नाही. कंबरदुखी राहिली ती राहिलीच, गेलेले दातही काही परत आले नाहीत, पण ती जिना न थांबता चढू लागली. दोन वर्षांनी तिला मुलगी झाली. माझं शिक्षण संपलं, मला जळगावला शाळेत नोकरी लागली, आणि मी ते घर सोडलं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सासूबाई मोरीत पडल्या. त्या पडण्यात काही विशेष नव्हतं, तरणं माणूस असतं तर अंग झटकून उठलं असतं. त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. वयामुळं आणि हाडाच्या अवस्थेमुळं ऑपरेशन करायला डॉक्टर धजावले नाहीत. त्या अंथरुणाला खिळल्या. मी सुट्टीत जायची तेव्हा पाहायची, अक्का त्यांना कुशीवर वळवायची, पाठ पुसायची, चमच्यानं दूध भरवायची. आता त्या दूध प्यायच्या, पण आधी चमचा नाकाशी नेऊन वास घ्यायच्या. मला एकदा जवळ बोलावून म्हणाल्या की तुझ्या बहिणीच्या मनात माझ्याबद्दल काय आहे ते मला सांग. मी म्हटलं, काही नाही. त्यांनी मान हलवली. पटलं की नाही ते कळलं नाही. पावसाळा संपता संपता त्या गेल्या.

दारावर बसायला, म्हणजे सांत्वनाला, आईला घेऊन मीच गेले. आई अक्काजवळ बसली, नातीला मांडीवर घेतलं, भाऊजींशी दोन शब्द बोलली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती त्यांच्याशी नीट बोलली, म्हणून मला बरं वाटलं. परतीच्या बसमध्ये एरंडोलपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, “म्हातारी मोरीत पडली तेव्हा घरात कोण होतं?”

मी सांगितलं की अक्का गच्चीवर होती, मुलीला घेऊन कपडे वाळत घालत होती. आवाज ऐकून खालून भाऊजी आधी धावत आले, अक्का नंतर उतरली. शेजारीणही आली होती.

“तू होती का तिथं?”

मी नव्हते. मी जळगावला होते, हे तिला माहीत होतं.

आई म्हणाली, बरं. आणि पिशवीतलं सुपारीचं खांड काढून तोंडात टाकलं.